छायाचित्र आपल्या गावाचे, हक्क कोणाचा?

(सोलापूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे गाव आहे. तेथील संगमेश्वर मंदिरातील शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आपणापैकी अनेकांनी पाहिला असेल. मराठीच्या अतिप्राचीन शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. त्या लेखातील मजकुरावर आज कोणाचाही लेखनहक्क उरलेला नाही. परंतु त्या शिलालेखाचे काल कोणी छायाचित्र काढले असेल, तर ते छायाचित्र मात्र कालचे आहे. ती एक नवी कृती आहे आणि तिचा हक्क ती निर्माण करणाऱ्याकडे आहे. वस्तू जुनी, पण चित्र नवे, हा भेद ध्यानात घेतला की आजच्या विषयातील निम्मी अडचण दूर होते.

ज्ञानकोशाची परंपरा आपल्या भाषेस नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली वाई येथून मराठी विश्वकोश साकार झाला. ही कामे विद्वानांनी केली आणि ती आपण वाचली. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाने या व्यवस्थेत एक मोठा बदल घडविला. येथे वाचक हाच लेखक होऊ शकतो. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. तेथे काम करणाऱ्या स्वयंसेवकांना वेतन नाही, मानधन नाही. सरावासाठी त्यांनी जे पान ठेवले आहे, त्याला 'धूळपाटी' म्हणतात, आणि सार्वजनिक चर्चेच्या पानाचे नाव आहे 'चावडी'. गावच्या चावडीवर बसणाऱ्या आपणा मंडळींना हे नाव परके वाटू नये.

या चावडीसारख्या पानांवर आणि चर्चापानांवर जे प्रश्न पुनःपुन्हा निघतात, त्यांत छायाचित्रांचा प्रश्न प्रमुख आहे. स्वयंसेवकांमध्ये याबाबत दोन मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, लेख चित्रावाचून कोरडा राहतो. मिळेल तेथून चित्र घ्यावे, सत्कार्यासाठी कोण हरकत घेणार? दुसरा पक्ष म्हणतो, ज्ञानकोश दुसऱ्याच्या मालावर उभा राहू शकत नाही. परवाना नसलेले चित्र वगळलेच पाहिजे. मी प्रथम पहिल्या पक्षात होतो, हे मोकळेपणाने सांगतो.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका यात्रेवरील लेखास मी स्वतः एक छायाचित्र जोडले. ते एका स्थानिक छायाचित्रकाराने बातमीसोबत छापण्यासाठी आमच्याकडे दिले होते. दुसऱ्या दिवशी एका सदस्याने विचारले, "हे छायाचित्र आपण स्वतः काढले आहे काय?" मी उत्तर दिले, "कार्यालयाकडे आले आहे." त्याने पुन्हा विचारले, "ज्याने काढले, त्याची लेखी संमती आहे काय?" ती नव्हती. छायाचित्र काढून टाकण्यात आले. मला राग आला. ज्याला मी कधी पाहिले नाही, अशा माणसाने मला नियम शिकवावा, हे मनास रुचले नाही. त्या रागातच मी छायाचित्रकाराकडे गेलो. त्याने मला बसवून चहा दिला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, बातमीला दिले ते बातमीपुरते. उद्या कॅलेंडर छापणाऱ्याने ते तिथून उचलले तर मी त्याच्याकडे पैसे कसे मागू?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याचे घर त्या कॅमेऱ्यावर चालत होते.

त्या दिवशी मला 'फुकट' आणि 'मुक्त' यांतील अंतर कळले. फुकट म्हणजे पैसे न देता मिळालेले. मुक्त म्हणजे हक्कधारकाने विचारपूर्वक सर्वांच्या वापरासाठी खुले केलेले. विकिपीडियाची बहुतेक चित्रे 'विकिमीडिया कॉमन्स' या २००४ साली उघडलेल्या सामायिक भांडारात ठेवली जातात आणि तेथे केवळ मुक्त चित्रे स्वीकारली जातात. स्वतः काढलेल्या चित्रांसाठी बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेयनिर्देश व समान वितरण' हा परवाना वापरतात. याचा अर्थ असा की, कोणीही ते चित्र वापरावे, व्यापारासाठीही वापरावे. मात्र निर्मात्याचे नाव द्यावे, आणि त्यात बदल करून नवे काही केल्यास तेही त्याच अटींवर इतरांस द्यावे. 'केवळ विकिपीडियासाठी' किंवा 'केवळ शैक्षणिक कामासाठी' अशी संमती तेथे पुरत नाही. शिवाय एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. म्हणूनच समोरच्यास हे सर्व समजावून सांगितल्यावाचून त्याची सही घेणे योग्य नाही.

त्या छायाचित्रकारास मी हे सारे सांगितले. त्याने विचार करण्यास आठ दिवस मागितले. नंतर आपल्या संग्रहातील दोन छायाचित्रे त्याने स्वतः परवान्यासह दिली. उरलेली राखून ठेवली. तो निर्णय सर्वस्वी त्याचा होता. आज त्या दोन चित्रांखाली त्याचे नाव आहे.

आता कायद्यासंबंधी थोडे. आपल्याकडे कॉपीराइट अधिनियम १९५७ चा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यापूर्वी काढलेल्या छायाचित्रांचे हक्क ती काढल्यापासून ५० वर्षांनी संपले. त्यामुळे घरोघरच्या पेट्यांतील तत्कालीन चित्रे आज सर्वांची आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मात्र छायाचित्रास छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे संरक्षण आहे. मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो. पंचायतीने पैसे देऊन काढवून घेतलेल्या चित्रांस ही बाब लागू पडते.

सार्वजनिक ठिकाणी कायम उभारलेल्या पुतळ्याचे किंवा वास्तूचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्यास अधिनियमाचे कलम ५२ मुभा देते. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे आपल्या शहराचे चार हुतात्मे. त्यांच्या पुतळ्यांचे छायाचित्र आपण काढून निःशंकपणे देऊ शकता. शाळेच्या भिंतीवर चित्रकाराने रंगविलेल्या चित्रास मात्र ही मुभा लागू होत नाही. तेथे चित्रकारास विचारावे. वर्तमानपत्राचे कात्रण, पाठ्यपुस्तकाचे मुखपृष्ठ, भ्रमणध्वनीवर कोणी पुढे पाठविलेले चित्र, ही आपली नव्हेत.

येथे शासकीय सेवकांनी आत्मपरीक्षणही करावयास हवे. अमेरिकेच्या संघशासनाच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतींवर त्या देशात कॉपीराइट नसतो. म्हणून १९६९ च्या चांद्रमोहिमेची छायाचित्रे जगातील कोणतेही मूल आपल्या वहीत चिकटवू शकते. आपल्याकडे शासकीय कृतीवर प्रकाशनानंतर ६० वर्षे शासनाचा हक्क राहतो. परिणामी चंद्राचे चित्र सहज मिळते, परंतु आपल्याच तालुक्यातील बंधाऱ्याचे मिळत नाही. केंद्र शासनाने २०१७ साली खुल्या शासकीय माहितीसाठी परवाना अधिसूचित केला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. शेजारच्या गोव्याचे उदाहरणही उद्बोधक आहे. गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला. संस्थेने ठरविल्यास काय होऊ शकते, ते यावरून दिसते. मात्र कार्यालयातील चित्र कोणा एका अधिकाऱ्याने परस्पर देऊन टाकणे हे औदार्य नव्हे. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा लेखी निर्णय हवा.

मग आपण काय करावे? मी चार साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, स्वतः काढावे. शिक्षकांनी आपल्या गावातील वेस, बारव, वीरगळ, हातमाग, पीक यांची छायाचित्रे घ्यावीत आणि स्थळ व दिनांक नोंदवून ती भांडारात ठेवावीत. दुसरी, पंचायतीने छायाचित्रकारास काम देतानाच हक्काविषयी लेखी ठरवावे आणि काही चित्रे खुली करावयाची असल्यास तसा ठराव करावा. तिसरी, दुसऱ्याचे चित्र हवे असल्यास त्यास परवान्याचा पूर्ण अर्थ सांगावा. संमती त्यानेच विहित नमुन्यात ई-पत्राने पाठवावी. चौथी, माणसांचा मान राखावा. परवाना चित्राचा असतो, चित्रातील व्यक्तीचा नव्हे. विद्यार्थ्यांचे चेहरे पालकांना न विचारता जगापुढे ठेवू नयेत. दुःखात वा आजारात असलेल्या माणसाचे चित्र तर मुळीच देऊ नये.

ज्या सदस्याने माझे छायाचित्र वगळले, त्याचे नाव मला आजही ठाऊक नाही. परंतु ज्या छायाचित्रकाराला त्याने कधी पाहिले नव्हते, त्याच्या हक्काची काळजी त्याने माझ्यापेक्षा अधिक घेतली. हत्तरसंग कुडलचा लेख कोरणाऱ्या कारागिराने दगडावर ठेवलेली अक्षरे हजार वर्षे टिकली. आज आपण जी चित्रे ठेवू, ती पुढच्या पिढीस निर्वेधपणे वापरता यावीत, एवढी दक्षता आपण घ्यावी. त्यासाठी खर्च फारसा नाही. ज्याचे आहे त्याला विचारणे आणि त्याचे उत्तर लिहून घेणे, एवढेच करावयाचे आहे.