हिशेब मांडला की मन हलकं होतं



आषाढी एकादशीला जळगावच्या ज्या पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, तिथल्या मुलांशी बोलायची संधी मला दिलीत, याबद्दल मनापासून आभार. बक्षीस घेणाऱ्यांचं अभिनंदन, आणि पडद्यामागे राबणाऱ्यांचं त्याहून जास्त. आज मी पैशाबद्दल बोलणार आहे आणि मनाबद्दलही. कारण पैशाची काळजी घेऊन आपण बँकेत जातो, झोप लागत नाही म्हणून डॉक्टरकडे जातो, आणि दोन्हीकडे अर्धीच गोष्ट सांगून परत येतो.

माझी नोकरी बँकेच्या शेतीकर्ज विभागात झाली. समोर बसलेल्या माणसाला विचारावं, ‘भाऊ, एकूण देणं किती?’ तो आधी बँकेचा आकडा सांगतो. थोडं थांबलं की गावच्या विकास सोसायटीचा येतो. मग कृषी केंद्राची उधारी, मग शालकाकडून घेतलेले हातउसने, आणि अगदी शेवटी, आवाज खाली करून, सावकाराकडून शेकड्याने घेतलेले पैसे. हा शेवटचा आकडा बायकोलाही माहीत नसतो. अशा माणसाची झोप उडालेली असते. घास घशाखाली उतरत नाही. मुलांवर तो विनाकारण खेकसतो, आणि घरचे म्हणतात, ‘यांचा स्वभावच बदलला.’ स्वभाव बदललेला नसतो. एक आकडा तो एकटा वाहत असतो.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या तोडणीआधी हात तंग असताना घेतल्या, आणि ऊस जाऊन पैसे आल्यावर पुन्हा घेतल्या. आधीचे निकाल नंतरच्यापेक्षा स्पष्टपणे कमी होते. माणसं तीच होती. पैशाची विवंचना डोक्यातली जागा अडवून बसली होती. म्हणून कर्जात बुडालेल्या माणसाला ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून काही उपयोग नाही. त्याच्या शेजारी बसून हिशेब मांडावा लागतो.

तो कसा मांडायचा? एका कागदावर चार रकाने आखा. कोणाचं देणं, किती, व्याज काय, कधी द्यायचं. आता एक साधं गणित करू. तीन रुपये शेकडा हे ऐकायला थोडं वाटतं, पण ते महिन्याचं असतं. ५०,००० रुपयांवर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये नुसतं व्याज होतं, म्हणजे ३६ टक्के. तेच पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, मुदतीत फेडलं तर केंद्राच्या सवलतीने ४ टक्क्यांवर येतं, आणि ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्यावर. म्हणजे मुदत चुकवू नये ती सोसायटीच्या पीककर्जाची, आणि आधी संपवावं ते शेकड्याचं. पण लोकलाजेपायी माणूस नेमकं उलटं करतो. जो दारात येऊन ओरडतो, त्याला आधी देतो.

कागद समोर आला की सल्ला देता येतो. नैसर्गिक आपत्ती जाहीर झाली तर पीककर्जाचं पुनर्गठन मागता येतं. महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा २०१४ साली आला. त्यानुसार परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. अवैध सावकाराने व्याजापोटी लिहून घेतलेली जमीन चौकशीनंतर परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. हे माहीत नसलेला माणूस रात्रभर जागतो. माहीत झालेल्या माणसाचं कर्ज तेवढंच राहतं, पण उद्या सकाळी कुठल्या कचेरीत जायचं हे त्याला कळतं. रथाच्या वेळी तुम्ही पाहिलं असेल, एवढा मोठा रथ उतारावर आवरतो तो चाकाखाली वेळेवर लावलेल्या मोगरीमुळे. वेळेवर मिळालेला सल्ला तसा असतो. आकाराने लहान, पण ओझं अंगावर येऊ देत नाही.

काळजी फक्त कर्जदारालाच असते असंही नाही. पतसंस्था अडचणीत आल्यावर ठेवीदारांचं काय होतं, हे जळगाव जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. निवृत्त शिक्षक, विधवा आई, मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवलेला बाप. ठेवीची पावती पिशवीत घालून ही माणसं वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिली, आणि त्या हेलपाट्यांनी पैशाआधी त्यांचं मन थकवलं. म्हणून हे घरी जरूर सांगा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. एक टक्का जास्त व्याजासाठी आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नका.

आता मनाची बाजू. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या आत्महत्येचं कारण एकटं कर्ज सहसा नसतं. आजारपण, व्यसन, घरातला अबोला, मनात साचलेलं नैराश्य असं बरंच काही त्यात असतं. म्हणून नुसता हिशेबही पुरत नाही. २०१५ साली राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करतात आणि गरज दिसली की समुपदेशकाकडे पाठवतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं. त्याला जोड हवी ती पैशाच्या सल्ल्याची. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून अशी जोड कायद्यानेच दिली आहे. कर्जबाजारी माणूस सल्लागाराकडे गेला की ६० दिवस वसुलीचा तगादा थांबतो, आणि मानसिक आजाराच्या संकटात उपचार घेणाऱ्याला उपचार संपेपर्यंत आणि त्यानंतर ३० दिवस मुदत मिळते. आपल्याकडेही समुपदेशकाने ‘कर्ज किती आहे?’ विचारावं, आणि बँकेतल्या माणसाने ‘झोप लागते का?’ विचारावं. एवढं झालं तरी कितीतरी घरं सावरतील.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याही वाटेत हे येणार आहे. मोबाइलवरून पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाची रक्कम थेट तुमच्याच खात्यात आली पाहिजे, एकूण खर्च आधी लेखी सांगितला पाहिजे, तुमची फोनमधली नंबरांची यादी ॲपने घेता कामा नये, आणि वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ च्या नंतर करता येत नाही. कोणी फसवलं तर १९३० वर तक्रार करा. मन फारच खचलं तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो. मुलींनो, तुम्ही ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गात असाल आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक शिक्षणाच्या शिक्षण शुल्कात तुम्हाला पूर्ण सवलत आहे. फीच्या काळजीने शिक्षण सोडायचा निर्णय एकटीने घेऊ नका. आधी कार्यालयात जाऊन चौकशी करा.

तुमच्यापैकी कोणाचे वडील चटई कंपनीत किंवा डाळ मिलमध्ये असतील, कोणाची गावाकडे केळी, कापूस असेल. तुम्हाला टक्केवारी येते, फॉर्म भरता येतो, नियम वाचता येतो. ही विद्या घरी वापरा. या रविवारी आई-वडिलांजवळ बसा आणि तो चार रकान्यांचा कागद त्यांच्यासोबत भरा. आकडा मोठा निघाला तर घाबरू नका आणि वडिलांना दोष देऊ नका. त्यांना एवढंच म्हणा, ‘बाबा, हे आता आपल्या सगळ्यांचं आहे. सोमवारी मी तुमच्याबरोबर बँकेत येतो.’

प्राचार्यांना माझी विनंती आहे, वर्षातून दोनदा बँकेचा एक अनुभवी अधिकारी आणि एक समुपदेशक यांना एकाच दिवशी, एकाच टेबलावर इथे बसवा, आणि पालकांनाही बोलवा. पहिल्या दिवशी त्या टेबलामागे बसायला मी येईन, हा माझा शब्द.