शिलाईचा हिशेब



नऊवारी लुगडे आधी विरते ते बसण्याच्या जागी. पदर आणि काठ धड राहतात. विरलेला भाग कापून उरलेल्यात मुलीचा परकर वा तान्ह्याचे झबले बेतणे, चिंध्या गोधडीच्या थरांत घालणे, सदऱ्याची झिजलेली कॉलर उसवून उलटी बसविणे, ही कामे कष्टकरी घरांतील स्त्रिया पिढ्यानपिढ्या करीत आल्या. या काटकसरीचे गोडवे बहुधा ज्यांना नवे कापड परवडते तेच गातात!

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरविले. त्यांत माणशी १८ वार, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड धरले. स्त्रीची कमाई हिशेबात घेऊ नये, असेही परिषदेने म्हटले आणि ते योग्यच होते. एकाच्या मजुरीत घर चालले पाहिजे, हा त्यामागचा हेतू. परंतु शिलाई अशी वेगळी बाब त्या निकषांत नाही. म्हणजे तिची कमाई वगळली, श्रम मात्र न बोलता गृहीत धरले.

राष्ट्रीय नमुना पाहणीने तर घरकामासोबत सरपण गोळा करणाऱ्या वा घरच्यांसाठी शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीला ९३ हा स्वतंत्र संकेतांक दिला, आणि तिला श्रमशक्तीबाहेर बसविले. तेच झबले शिंप्याने शिवले की तो श्रमशक्तीत गणला जातो.

वेतनाचे मागणीपत्र तयार करताना आपले कार्यकर्ते कापडाचा दर बाजारात जाऊन विचारतात. त्यांनी शिंप्याचा दरही विचारावा, उसवाउसवीचा आणि ठिगळाचासुद्धा. घरी शिवायचे की बाहेर, हे मग त्या बाईने ठरवावे.