राऊटर कुठे ठेवलाय?



इंजिनिअर झाले म्हणून मला बोलायला उभं केलंय, तर माझी फजितीच सांगते. २०२० च्या जूनमध्ये शाळा मोबाइलवर भरू लागल्या, तेव्हा लवळ्याच्या घरी पहिल्यांदा वायफाय आलं. मी पुण्यात अडकलेली. ओटीवर भाचीचा तास सारखा तुटायचा. फोनवरून मी आईला दहा वेळा राऊटर बंद-चालू करायला लावला, शेवटी तिच्यावर चिडलेसुद्धा.

गणपतीत घरी आले, तर राऊटर लोखंडी कपाटात! वायर मागच्या भोकातून आत घेतलेली. "महागाची वस्तू, धूळ बसेल म्हणून ठेवला गं." कपाट उघडं असलं की तास चालायचा, दार लावलं की तुटायचा.

आपल्या विज्ञानाच्या बाईंनी ट्रान्झिस्टर पत्र्याच्या डब्यात ठेवून, झाकण लावून मुका करून दाखवला होता, आठवतंय? मला दोन महिने आठवलं नाही. राऊटर ठेवलाय कुठे, हेही विचारलं नाही.

माजघरात उंच फळीवर ठेवला. दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ बरं जातं. वेग कमी, पण ओटीपर्यंत पोचतं. आई रोज त्यावरची धूळ पुसते, विजा चमकल्या की प्लग काढते. प्लगचं मात्र तिचं बरोबर आहे.