लेक इंजिनिअर झाली, पुढे काय?

आपल्या मावळातल्या लेकी आता मेकॅनिकल इंजिनिअर होतात. पदवी हाती आली की घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. पण तिला पुढं शिकायचं असेल तर काय लागतं, ते आपण आयांनीही समजून घेऊ.

एम.ई. किंवा एम.टेक. दोन वर्षांचं. त्यासाठी त्या शाखेची बी.ई. किंवा बी.टेक. पदवी आणि निदान ५० टक्के गुण हवेत. राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४५ टक्के. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्यांतून होतो. गेट परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना आधी जागा मिळतात, उरलेल्या जागांवर इतरांना. शिवाय गेटवर प्रवेश घेऊन पूर्णवेळ शिकणारीला महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून गेट देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. म्हणून तयारी पदवी संपायच्या आधीच सुरू व्हावी.

पहिल्या वर्षी मुख्यतः वर्ग आणि प्रयोगशाळा, दुसऱ्या वर्षी प्रबंध. आपण इंद्रायणी भाताची लावणी दिवसभर वाकून करतो. लावणीचं हलकं यंत्र कसं व्हावं, हाही प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर यांतलं जे लागू असेल ते आत्ताच काढा. कागदासाठी जागा जाऊ नये. लोणावळ्याहून पुण्याला लोकल आहे, वाट आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत आम्ही एकच विचारणार आहोत: लेकीला विचारलंत का, तिला काय हवंय?