अंतराळयानातील कामगार



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, त्याला सिनेमाची उठाठेव कशाला, असे आपणांस वाटेल. मी बोनसवरच बोलणार आहे. तो बोनस अंतराळातला आहे, इतकेच!

१९७९ साली रिडले स्कॉट यांचा ‘एलियन’ हा चित्रपट आला. लोक त्यातल्या अक्राळविक्राळ प्राण्याला भितात. मला पहिल्याच खेपेस भुरळ घातली ती त्या यानाने. नॉस्ट्रोमो त्याचे नाव. २ कोटी टन खनिज ओढीत ते पृथ्वीकडे परत निघाले आहे. आत साखळ्या लोंबताहेत, पाणी ठिबकते आहे, वाफ सुटते आहे. टेबलावर मान डोलावणारे एक खेळण्यातले पाखरू आहे. रॉन कॉब या चित्रकाराने यानासाठी खुणांच्या पाट्या आखल्या. या दारापलीकडे हवेचा दाब आहे की नाही, हे अक्षर न वाचता कळावे! कारखान्यात ज्याने दिवस काढले, त्याला अशा पाटीचे मोल सांगावे लागत नाही.

यानावर माणसे सात. पार्कर आणि ब्रेट हे दोघे यंत्राकडचे. लांबच्या झोपेतून उठून न्याहारीला बसतात न बसतात, तोच पार्कर बोनसची गोष्ट काढतो. इतरांना पूर्ण वाटा, मग आम्हांला कमी का? कप्तान करारावर बोट ठेवतो. पुढे एका परक्या ग्रहावरून संकेत येतो. तिकडे जायला पार्कर नाखूश. हे आपले काम नव्हे, जादा पैसे मिळत असतील तर बोला, असे त्याचे म्हणणे. तेव्हा अ‍ॅश नावाचा अधिकारी शांतपणे कलम सांगतो: अशा संकेताचा तपास केलाच पाहिजे, नाही तर सारा वाटा बुडाला. पार्कर गप्प बसतो.

मंडळी, तिथे मी ओळखीचा घाम पुसला. तरुणपणी एका कारखान्यात फिटर म्हणून लागताना मी इंग्रजी कागदावर न वाचता सही केली होती. थोरल्या मुलाच्या तापात घरी जायला निघालो, तेव्हा साहेबाने तेच कागद पुढे केले: जादा पाळी नाकारता येणार नाही! त्या रात्री मी यंत्रापाशी उभा होतो. इंग्रजी वाचायला शिकलो तो त्यानंतर.

चित्रपटात पुढे उघड होते, की तो प्राणी आणावा, माणसे गेली तरी चालतील, असा कंपनीचा गुप्त हुकूमच होता. त्या यानावर मला कुठे युनियन दिसली नाही.

भविष्यकाळ रंगवणारे पुष्कळ. पण तिथे पगार कोणाला किती आणि करार कोणी लिहिला, हे ज्याने दाखवले त्याचे जग मला खरे वाटले. आपल्या घरातली तरुण मुले उद्या नव्या नोकरीवर सही करतील. त्यांच्याबरोबर तो कागद एकदा वाचा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.