हळदीच्या सांगलीत आपले स्वागत

संशोधक, डॉक्टर व विद्यार्थी मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे सांगलीत मनःपूर्वक स्वागत करतो. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. वनस्पती आणि रुग्ण दोन्ही हाकेच्या अंतरावर असताना वनस्पतींतून जखमांवर उपाय शोधणारी ही परिषद इथे भरावी, याचा मला फार आनंद वाटतो.

मी शल्यचिकित्सक. मधुमेही रुग्णाच्या पायाची जुनी जखम आम्ही खरवडून स्वच्छ करतो आणि दोन-तीन दिवसांत जंतू तिथे पुन्हा ठाण मांडतात. शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचा चिकट गिलावा, म्हणजेच बायोफिल्म, ते स्वतःभोवती लिंपून घेतात. आतले जंतू संथ झालेले असतात. तरंगत्या जंतूंना मारणाऱ्या अँटिबायोटिकची हजारपट मात्राही या बायोफिल्मपुढे कधीकधी अपुरी पडते, आणि तेवढी मात्रा माणसाला देता येत नाही. मग बोट, कधी पाऊल कापायची संमती घरच्यांकडे मागावी लागते.

या जंतूंवर वनस्पतींतली द्रव्ये वापरून पाहायची, तर अडचण अशी: हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दालचिनीतले सिनामाल्डिहाइड उडून जाते. जखमेच्या तळाशी ही द्रव्ये पोचवायची कशी? २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील व्हिन्सेंट रोटेलो यांच्या गटाने पेपरमिंटच्या तेलात सिनामाल्डिहाइड विरघळवून त्याभोवती सिलिकाच्या नॅनोकणांचे कवच बसवले. त्या कुप्या बायोफिल्ममध्ये शिरल्या, जंतू मेले, आणि जखम भरून काढणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींची वाढही झाली. प्रयोगशाळेतलेच यश, पण मला त्यात खरी वाट दिसते.

म्हणून एक आग्रह. तरंगत्या जंतूंवरच्या निकालावर थांबू नका. मुरलेल्या बायोफिल्मवर, रुग्णांच्या जखमांतून काढलेल्या जंतूंवर चाचणी करा. कर्क्युमिनचा स्वतःचा पिवळा रंग आणि चमक मोजमापात गोंधळ घालतात. त्याची वेगळी तपासणी झालीच पाहिजे. रिकामा नॅनोकण एकटा काय करतो, तेही दाखवा. हळद आपली आहे म्हणून तिला सवलत नको.

सांगली-मिरजेतले अनेक शल्यचिकित्सक आज सभागृहात आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठा, कोणती जखम भरत नाही ते विचारा. नैतिकता समितीच्या परवानगीने नमुने मिळवून देण्यासाठी आम्ही लागेल ती मदत करू.