बुरशी आलेले धान्य आणि गोबरगॅस



गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. परतीच्या पावसात पडवीतले मक्याचे पोते भिजले होते. तोंड सोडले तो कुबट वास, आणि दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी! आई म्हणाली, "टाकू नकोस रे, अन्न आहे ते. धुऊन वाळव आणि म्हशीच्या आंबोणात घाल." १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो खाऊन दिवस काढलेल्या बाईला मी काय सांगणार? पण सांगावे लागले.

अशा बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते यकृतावर घाला घालते. १९६० साली इंग्लंडात लाखावर टर्की कोंबड्या मेल्या, त्या बुरसलेल्या भुईमुगाच्या पेंडीने. आणि १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील बांसवाडा, पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. हे विष धुऊन जात नाही, शिजवून मरत नाही. म्हशीला घातले तर त्यातले काही दुधात उतरते, म्हणजे फिरून नातवंडांच्या पेल्यात!

मग पोत्याचे करायचे काय? दारी गोबरगॅस असेल तर तिथे. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस, म्हणून हिशेबाने सांगतो. शेण म्हणजे जनावराने आधीच सत्त्व काढून घेतलेला चोथा; दाण्यात पिष्ट तसेच्या तसे असते. म्हणून किलोमागे धान्य शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस देते. पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने खरकटे आणि पिष्टमय पदार्थांवर चालणारे छोटे संयंत्र काढले. त्याला २००६ साली ॲशडेन पारितोषिक मिळाले.

पण घाई करू नका. टाकीत जिवाणूंच्या दोन फळ्या असतात: एक अन्न आंबवून आम्ल करते, दुसरी त्या आम्लाचा जळणारा वायू करते. पहिली चपळ, दुसरी सावकाश. एकदम घमेलेभर धान्य ओतले तर टाकी आंबट होते आणि शेगडी पेटेनाशी होते. तसे झाले तर धान्य बंद करून काही दिवस नुसता शेणकालाच घाला. घरगुती टाकीला आरंभी मूठ-दोन मुठी, मग हळूहळू अर्धा किलो, शेणकाल्यात मिसळून. दाणे आदल्या रात्री जुन्या बादलीत भिजवून ठेचावेत. कोरडे पाखडू नयेत, गिरणीत तर मुळीच नेऊ नयेत. ती भुकटी नाकातोंडात जाते. तोंडाला फडके बांधा.

टाकीत सारे विष मोडते असे धरून चालू नका. बाहेर पडणारी मळी जनावरांच्या, कोंबड्यांच्या वाटेत नको. ती उकिरड्यात कुजवा, मग शेतात घाला.

शिक्षकांना एक विनंती. शालेय पोषण आहाराचा तांदूळ बुरसला तर चाळून, निवडून शिजवू नका. वरिष्ठांना लेखी कळवा आणि ते पोते कोठीबाहेर काढा. मुलांची ताटे त्यासाठी नाहीत.

आमचे पोते संपायला पौष उजाडला. धाकटा भाऊ रोज सकाळी बादली ओतायचा. आई त्याच गॅसवर चहा ठेवी, आणि पोत्याकडे पाहून हळहळे.